जत्रेतला दशावतार ऐकायला वेंगुर्ल्याकडे येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली की मुंबई-पुण्याच्या ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. यंदा जत्रेला यायचं म्हणतोय, कधी येऊ? नाटक किती वाजता लागतं? राहायचं कुठे? आमचं घर वेंगुर्ले तालुक्यातलं. वारा पडला की समुद्राची गाज पडवीपर्यंत ऐकू येते. माझे थोरले काका दशावतारी कंपनीत पखवाज वाजवायचे, त्यामुळे आमची निम्मी शाळकरी थंडी देवळांच्या अंगणातच गेली. दरवर्षी तेच प्रश्न येतात आणि मी दरवर्षी घाईघाईत अर्धवट उत्तरं देते. म्हणून यंदा सगळं एकदा बसून लिहिलं आहे.

हा संगीत महोत्सव आहे का?

नाही, ही देवाची जत्रा आहे. गावच्या देवीचा किंवा देवाचा वर्षातला एक ठरलेला दिवस. दिवसभर ओट्या भरल्या जातात, रात्री पालखी निघते आणि पालखीनंतर पहाटेपर्यंत दशावतारी नाटक चालतं. नाटक म्हटलं तरी त्यातला मोठा वाटा गाण्याचा आणि वाद्यांचा. आमच्याकडे जुनी माणसं त्याला अजून 'धयकालो' म्हणतात, म्हणजे दहीकाला. कारण शेवटी, उजाडता उजाडता, दहीहंडी फुटते.

हे आधी सांगते, कारण बाहेरून येणाऱ्यांची गफलत इथेच होते. कार्यक्रमाला गेल्यासारखं यायचं, तासभर बघायचं, चार फोटो काढायचे आणि हॉटेलवर परतायचं, असं केलं तर जत्रा दिसते, पण लागत नाही. नाटक देवासमोर होतं, देवासाठी होतं. गावकरी आणि आपण तिथे सोबतीला बसलेलो असतो.

कधी यावं?

तुळशीचं लग्न लागलं की कंपन्या बाहेर पडतात. कार्तिक, मार्गशीर्ष आणि पौष हा जत्रांचा भर. त्यानंतर वैशाखापर्यंत नाटकं होत राहतात, पण ती जास्त करून नवसाची, पूजेची, वर्धापनदिनाची. मृगाचा पाऊस जवळ आला की पेटारे घरी जातात.

मला विचाराल तर मार्गशीर्षात या. भात कापून झालेलं असतं, माणसं निवांत असतात, हवा कोरडी आणि गार असते. आवाजही लांबवर जातो.

तारीख नक्की कशी कळणार? नेटवर वेगवेगळ्या तारखा दिसतात.

जत्रा तिथीवर असते. त्यामुळे गेल्या वर्षीची इंग्रजी तारीख धरून रजा टाकू नका. आमच्या एका जवळच्या कुटुंबाने असंच केलं आणि आदल्या दिवशी जत्रा आटोपलेल्या देवळासमोर पोरांना घेऊन उभं राहायची वेळ आली. अंगणात मांडव सोडणारी दोन माणसं आणि लाडवांच्या रिकाम्या टोपल्या, एवढंच होतं.

काही ठिकाणी तर तिथीही ठरलेली नसते. मालवण तालुक्यातल्या मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीची भराडी देवी हे सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. तिची तारीख पंचांगात सापडत नाही, देवीचा कौल घेऊन ती ठरते आणि मग जाहीर होते.

खात्रीचा मार्ग एकच, गावात कुणाला तरी फोन करा. जिथे राहणार आहात त्या घरच्यांना विचारा. दुकानांच्या फळ्यांवर, स्थानिक वर्तमानपत्रांत आणि हल्ली व्हॉट्सअ‍ॅप गटांवर 'आज अमुक गावी अमुक कंपनीचं नाटक' अशी यादी फिरत असते.

कोणत्या गावची जत्रा निवडू?

गर्दी सोसत असेल आणि एक भव्य दृश्य बघायचं असेल तर सावंतवाडी तालुक्यातल्या सोनुर्लीच्या माऊलीची जत्रा. कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास असते. लोटांगणाची जत्रा म्हणूनच ती ओळखली जाते. माणसं देवळाभोवती लोटांगण घालत जातात. आंगणेवाडीला तर लाखांनी लोक येतात, तिथे नाटक शांतपणे ऐकायचं मनात आणू नका.

ऐकायलाच यायचं असेल तर लहान गाव निवडा. वेंगुर्ल्यापासून शिरोड्यापर्यंतच्या किनाऱ्यावर मोचेमाड, टाक, आरवली अशी गावं एकामागोमाग एक आहेत आणि जवळपास प्रत्येक गावाची स्वतःची जत्रा आहे. आरवलीचा वेतोबा तर दूरवर ठाऊक आहे. त्याला केळ्यांचे घड आणि भल्या मोठ्या चामडी चपला वाहतात, रात्री तो गावात राखण करत फिरतो ही श्रद्धा. जयवंत दळवींचं गाव ते हेच. लहान गावच्या जत्रेत तुम्हाला पुढे बसायला मिळेल, पखवाजावरची बोटं दिसतील आणि मधल्या वेळात कुणीतरी "खयसून इलास?", म्हणजे कुठून आलात, म्हणून विचारेल.

यायचं कसं?

रेल्वेने येत असाल तर कुडाळ किंवा सावंतवाडी रोड. दोन्हीकडून वेंगुर्लं साधारण २५ ते ३० किलोमीटर. कोकणकन्या रात्री मुंबईहून सुटून सकाळी कुडाळला पोचवते. दादरहून सुटणारी तुतारी सावंतवाडी रोडपर्यंतच येते. आरक्षण ६० दिवस आधी खुलतं आणि दिवाळीच्या मागे-पुढे भराभर संपतं, तेव्हा आधी तिकीट, मग बाकीचा बेत. सावंतवाडी रोड स्टेशन शहराबाहेर आहे, हेही लक्षात ठेवा.

पुण्या-कोल्हापूरकडून गाडीने येणारे आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडीला उतरतात. थंडीत आंबोली घाटात पहाटे धुकं असतं, रात्रभर जागून त्याच पहाटे परतीचा घाट चढायचा बेत कुणी करू नये. विमान हवंच असेल तर गोव्याचा मोपा विमानतळ सावंतवाडीपासून जवळ पडतो. चिपीचा विमानतळ वेंगुर्ले तालुक्यातच आहे, २०२१ मध्ये सुरू झाला, पण तिथल्या फेऱ्यांचं वेळापत्रक आयत्या वेळी बघूनच ठरवा.

रात्री गावांतून एसटी नसते. देवळापर्यंत जायला आणि सकाळी परत यायला रिक्षा दिवसाच ठरवून ठेवा. रिक्षावाले भाऊ बहुतेक वेळा स्वतःही नाटकालाच बसलेले असतात, त्यामुळे उजाडेपर्यंत थांबायला त्यांची काही हरकत नसते.

राहायला जागा मिळते का?

मिळते. वेंगुर्ल्यात लॉज आहेत, किनाऱ्याच्या गावांतून घरगुती निवासाची सोय आहे. घरगुती जागाच घ्या. जत्रेच्या दिवशी त्या घरात माहेरवाशिणी आलेल्या असतात, मुंबईचे चाकरमानी उतरलेले असतात. गजबज असते, पण जत्रा म्हणजे काय हे देवळात जायच्या आधीच कळतं.

तिकीट किती?

जत्रेतल्या नाटकाला तिकीट नसतं.

रात्र कशी सरते? कोणत्या वेळी काय असतं?

संध्याकाळपर्यंत ओट्या भरणं आणि दर्शन. रात्री जेवणं झाली की माणसं पुन्हा देवळाकडे वळतात. मग ढोलताशाच्या गजरात पालखी देवळाभोवती फिरते, फटाके उडतात. ते आटपेपर्यंत अकरा-बारा वाजतात. नाटकाला घड्याळ नसतं, पालखी बसली की नाटक. त्यामुळे 'नक्की किती वाजता' या प्रश्नाला गावात कुणीही उत्तर देणार नाही, दिलं तर त्यावर विसंबू नका.

पहिला भाग आडदशावतार. त्यात ठरलेली सोंगं येतात. रिद्धी-सिद्धीसह गणपती, त्याची पूजा करणारे भट, मोरावरची सरस्वती, ब्रह्मदेव आणि मग काळ्या वेशातला संकासुर. संकासुर वेद पळवतो आणि अखेर विष्णूच्या हातून मरतो, पण मरण्याआधी तो मालवणीतून सगळ्यांची खबर घेतो. गावातला खराब रस्ता, सरपंच, समोर पेंगणारा म्हातारा, कुणालाही सोडत नाही. हल्ली वेळ वाचवायला हा भाग छाटतात किंवा उरकतात. मला ते फार लागतं. गणपतीच्या आगमनाला जो पखवाज वाजतो, त्याच्यासाठी मी दोन तास आधी जाऊन बसते.

त्यानंतर आख्यान, म्हणजे पुराणातली एखादी गोष्ट. राजा, राणी, ऋषी, राक्षस, शाप, वनवास, लढाई. हे तीन-चार तास चालतं. आणि शेवटी काला.

ऐकायचं काय? आम्हाला गाण्यातलं फारसं कळत नाही.

कळायची गरज नाही, पण तीन गोष्टींकडे कान ठेवा.

वाद्यं मोजून तीन. पेटी, पखवाज, झांज. काही कंपन्या तबलाही घेतात. पेटी म्हणजे पायपेटी, पायाने भाता मारायचा म्हणजे दोन्ही हात सुरांना मोकळे. पेटीवाले बुवा बहुतेक वेळा गातातही. दशावतारी नाटकाला परंपरेने लिहिलेली संहिता नसते. कंपनीचा मालक किंवा जाणता नट संध्याकाळी गोष्ट सांगतो, कोण कधी येणार ते ठरतं आणि संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या सुचतात. आता विचार करा, संवादच ठरलेला नसेल तर गाणं कुठे येणार हे बुवांना कसं कळत असेल? ते नटाच्या श्वासाकडे कान लावून बसलेले असतात. राजाचं वाक्य विशिष्ट पद्धतीने वर चढलं की बुवांची बोटं पट्ट्यांवर आलेलीच असतात. तो क्षण पकडायचा प्रयत्न करा. एकदा तो ऐकू आला की पुढची सगळी रात्र वेगळी ऐकू येते.

दुसरी गोष्ट पखवाज. काकांच्या मांडीपाशी बसून मी तो इतक्या वेळा पाहिला आहे की डोळे मिटले तरी दिसतो. उजव्या तोंडाला शाई असते. डाव्या तोंडाला दर वेळी ओली कणीक लावायची, त्याशिवाय घुमारा येत नाही. काका घरून निघताना आईकडून मुठीएवढा कणकेचा गोळा घेत, ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवत. नाटकाआधी त्यातला तुकडा थापायचे, एक थाप मारायचे, ऐकायचे, नखाने कडेची थोडी कणीक काढायचे, पुन्हा थाप. मध्यरात्रीनंतर दव पडायला लागलं की पान, म्हणजे तोंडावरचं कातडं, सैल पडतं. मग संवाद चालू असतानाच छोट्या हातोडीने गट्टे ठोकून वादी ताणायची, पेटीच्या सुराशी पुन्हा जुळवायचं, आणि हे सगळं नटाच्या वाक्यात न येता. सकाळी घरी आल्यावर ती सुकलेली कणीक खरवडून काढायचं काम माझं असायचं. अजूनही कणीक मळताना कधी कधी तो आवाज कानात येतो.

तिसरी गोष्ट लढाई. तलवारी घेऊन दोघे समोरासमोर येतात आणि झांज एकदम चढते. पायांचे ठेके, पखवाजाचे बोल आणि झांजेची गती एकमेकांना ओढत नेतात. मांडवातली झोपलेली पोरं नेमकी तेव्हाच जागी होतात.

भाषा कळेल का?

कळेल. देव, राजे आणि ऋषी संस्कृत शब्दांनी भरलेली ग्रांथिक मराठी बोलतात. मालवणी येते ती संकासुराच्या आणि विनोदी पात्रांच्या तोंडी. शेजारच्या काकीला विचारा, ती हसत हसत सांगेल.

राणीचं काम करणारा खरंच पुरुष असतो?

हो. स्त्रीपार्टी नट हा दशावताराचा जुना मान आहे. रामदासांच्या दासबोधातही दशावतारी खेळातल्या अशा सोंगांचा उल्लेख येतो, म्हणजे निदान सतराव्या शतकापासून हे चालत आलं आहे. चांगला स्त्रीपार्टी नट नऊवारी सावरत बाकावर बसतो त्या नुसत्या बसण्यातून बायका त्याची पारख करतात. माझी आजी म्हणायची, पदर कसा घेतो ते बघ, तोंड मग बघ. अलीकडे जिल्ह्यात बायकांनी स्वतः उभे केलेले दशावताराचे संचही आहेत. मिळाला तर जरूर बघा, त्यांनी तलवार धरलेली बघताना माझा ऊर भरून आला होता.

रंगपटात जाता येतं का?

जाता येतं, पण विचारून. कंपनीच्या मालकांना किंवा देवळाच्या मानकऱ्यांना सांगा की लांबून आलो आहोत, जरा बाजूला उभं राहून बघू का. सहसा नाही म्हणत नाहीत.

रंगपट म्हणजे बहुतेक वेळा देवळाची ओवरी नाहीतर शाळेची खोली. प्रत्येक नटाची स्वतःची पत्र्याची ट्रंक. ट्रंकेच्या झाकणाला आतून आरसा लावलेला. रंगभूषाकार वगैरे कुणी नसतो, जो तो आपलं तोंड आपण रंगवतो. मी पाहिलेला एक नट दिवसा काजूच्या बागेत मजुरी करायचा. काजूच्या डिंकाने बोटं काळवंडलेली. त्याच बोटांनी त्याने खोबरेल तेल चोळलं, त्यावर रंगाचा हात फिरवला, काडीने भुवया ओढल्या. मग ओठ. ओठ रंगवताना मात्र बोलायचा नाही, कुणी हाक मारली तरी नाही. शेवटी मुकुट बांधला आणि उठला तो खांदे मागे टाकून, मान ताठ करून. मघाशी माझ्याकडे काडेपेटी मागणारा माणूस तो हाच, यावर विश्वास बसेना. रंगपटाच्या कोपऱ्यात कंपनीच्या गणपतीचा मुखवटा मांडलेला असतो. तो कंपनीचं दैवत. जाताना-येताना प्रत्येक जण त्याला हात लावून जातो. त्या बाजूला पाय करून बसू नका आणि मुखवटा उचलून बघू नका.

एक विनंती. मुकुट चढवल्यावर नटाला सेल्फीसाठी थांबवू नका. तो त्या वेळी गप्प का आहे, ते समजून घ्या.

फोटो, व्हिडिओ?

नाटकाचे काढा, पण फ्लॅश बंद ठेवून. लढाईत नटाच्या डोळ्यांवर फ्लॅश पडला तर तलवार चुकते. एका वर्षी बाहेरून आलेल्या काही मंडळींनी गाडीचे दिवे मांडवावर सोडले होते, चित्रीकरण स्वच्छ यावं म्हणून. राणीचं काम करणारा नट डोळ्यांवर हात धरून संवाद म्हणत होता. गावातल्या तात्यांनी उठून दिवे बंद करायला लावले, पण तो प्रसंग गेला तो गेलाच.

गाभाऱ्यात फोटो नाहीत. अवसर आलेल्या माणसाचे तर अजिबात नाहीत. देवाच्या अंगणात जे अंगात येतं त्याबद्दल तुमचं मत काहीही असो, मोबाइल खिशात राहू द्या. ड्रोन नको.

काय घालावं, बसायला काय आणावं?

अंगभर, साधे सुती कपडे, एक स्वेटर, कानटोपी. कोकणात कसली थंडी म्हणून येतात आणि पहाटे चारला दवाने भिजून कुडकुडतात. बसायला घोंगडी किंवा जाड चटई आणा. गावातली माणसं संध्याकाळीच चटया पसरून जागा धरून ठेवतात, त्या चटया सरकवू नका. चपला कुठे काढल्या ते ध्यानात ठेवा. विजेरी आणाच, शेताच्या बांधावरून चालावं लागतं.

लहान मुलांना, म्हाताऱ्या माणसांना आणावं का?

आणावं. आम्ही सगळे तिथेच आईच्या मांडीवर झोपत मोठे झालो. मुलांना दुपारी झोपवा आणि फटाक्यांच्या वेळी जवळ धरा. वयस्कर माणसांसाठी घडीची खुर्ची आणा, ती कडेला लावा, मागच्यांना दिसेल अशी. स्वच्छतागृहाची सोय प्रत्येक देवळापाशी नसते, त्याची चौकशी आधी करा. औषधं सोबत ठेवा, रात्री दुकान उघडं नसतं.

जत्रेत खायला काय मिळतं?

खाजं. बेसनाच्या जाड शेवेवर गुळाचा आणि आल्याचा पाक चढवलेलं. कडकडीत असतं, तोंडात धरून ठेवावं लागतं. खाजं घेतल्याशिवाय जत्रेहून कुणी घरी जात नाही, शेजाऱ्यांना वाटायला ते लागतंच. शिवाय शेंगदाण्याचे, चुरमुऱ्यांचे लाडू, गरम भजी, उसळ-पाव आणि चहा. देवळाच्या आवारात मांसाहार आणि दारू नाही, पिऊन तर मुळीच येऊ नका.

फुलांच्या टोपल्यांपाशीही थांबा. थंडीत अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, असतात. फेब्रुवारीनंतर आलात तर सुरंगी. आरवलीच्या बाजूला सुरंगीची झाडं आहेत, आणि एका वळेसराने अख्खी खोली दोन दिवस दरवळते.

आम्ही या गावचे नाही. ओटी भरली तर चालते का?

चालते. खण, नारळ, तांदूळ, जमलं तर साडी. रांगेत उभं राहायचं आणि पुजाऱ्यांच्या हाती द्यायचं. कुणाला गाऱ्हाणं घालायचं असेल तर मानकऱ्यांना सांगा. ते तुमच्या नावाने देवाला साकडं घालतात आणि प्रत्येक वाक्याला भोवतालची माणसं एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. नुसतं ऐकायलाही थांबा. गाऱ्हाण्याची ती लय, तो चढउतार, मला गाण्याहून कमी वाटत नाही.

मान, क्रम, कोणी पालखीला खांदा द्यायचा, ही गावाची जुनी बांधलेली व्यवस्था असते. हौसेने मध्ये शिरू नका.

आरतीचं ताट फिरतं त्यात किती टाकावे?

जमेल तेवढे, पण टाका. कंपनीला त्या रात्रीची बिदागी मिळते ती दहा-पंधरा माणसांत वाटली जाते आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी नाटक असतं. गावातली बाई दहा रुपये टाकते ते तिच्या परीने पुष्कळ असतात. तुम्ही ५०० किलोमीटरवरून गाडीचं पेट्रोल जाळून येता, तेव्हा त्या हिशेबाने टाका. एखाद्या नटाचं काम आवडलं तर नाटक संपल्यावर त्याच्या हाती पाकीट द्या. त्याचं नाव विचारा, ते लक्षात ठेवा.

'ट्रिकसीनयुक्त' आणि 'संयुक्त दशावतार' म्हणजे काय?

फलकांवर हे शब्द दिसतील. ट्रिकसीन म्हणजे धूर, प्रकाश, अधांतरी प्रकट होणारा देव, नाग, वाघ असल्या करामती. संयुक्त म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांतले नावाजलेले नट एका रात्रीपुरते एकत्र आणलेले. गर्दी दोन्हींना होते आणि त्यात वाईट काही नाही, त्यावर अनेक घरं चालतात. पण पहिल्यांदा येत असाल तर जत्रेतलं साधं नाटक बघा. एक पडदा, एक बाक. तोच बाक सिंहासन, तोच डोंगर, तोच नदीचा काठ. पार्सेकर, मोचेमाडकर, खानोलकर, आजगावकर, वालावलकर अशी कंपन्यांची नावं ऐकाल, ती घराण्यांवरून आणि गावांवरून आलेली जुनी नावं आहेत. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, कोणत्या कंपनीची पेटी सध्या चांगली. त्यांना नटांच्याही आधी पेटीवाला आठवतो.

जत्रेच्या दिवसांत सुट्टी नाही. दुसरं काय ऐकता येईल?

शिमग्याला या. फाल्गुन पौर्णिमेपासून गावोगाव ढोल वाजत असतात, कुडाळ-सावंतवाडीकडे रोंबाट, म्हणजे शिमग्याची मिरवणूक, निघतं, सोंगं घेतलेली पोरं "शबय शबय" करत दारात येतात. गणपतीत आलात तर घरोघर भजनं आणि बायकांच्या फुगड्या.

आणि डबलबारी. दोन भजनी बुवा आपापले साथीदार घेऊन समोरासमोर बसतात आणि अभंग, गवळण, गजर यांतून एकमेकांना आव्हान देतात. प्रश्न, उत्तर, टोमणा, सगळं चालीत. मृदंगावरचा हात बघण्यासारखा असतो. डबलबारीवर खरं तर स्वतंत्र पान लिहायला हवं.

दिवसा काय करावं?

झोपावं. ते झाल्यावर वेंगुर्ल्याचं बंदर, दीपगृह, डचांची पडकी वखार, संध्याकाळी सागरेश्वरचा किनारा. समुद्रात लांब जाऊ नका, जागरणानंतर तर नकोच. एक दिवस जास्त असेल तर कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या तिथे जपल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या घराशीच संग्रहालय आहे. चित्र पुढे धरून वाद्याच्या साथीने रामायण गाणं म्हणजे काय, हे तिथे समोर बसून ऐकता येतं.

मधूनच उठलं तर चालेल का? पहाटेपर्यंत नाही जमणार.

चालेल, कुणी अडवणार नाही. कडेने उठा, पडद्याच्या बाजूने जाऊ नका.

पण पेंग आली तर तिथेच चटईवर आडवे व्हा. अर्धा मांडव झोपलेलाच असतो, कुणी काही म्हणत नाही. तीनच्या पुढे राजाचा आवाज थोडा बसतो, बुवा पेटी खालच्या सुरात आणतात, मागे समुद्राची गाज ऐकू यायला लागते. भजीवाल्याची चूल विझलेली असते. मग कधीतरी कोंबडा आरवतो, झाडांच्या शेंड्यांवर उजेड येतो, आणि रात्रभर शाप भोगलेला राजा एकदाचा सुटतो. झांज पुन्हा चढते. दोरीला बांधलेलं मडकं फुटतं, झोपलेली सगळी पोरं उठून पुढे धावतात. हातावर काल्याचं थोडं दही मिळतं. थंडगार असतं, त्यात पोहे असतात. ते खाऊन रिक्षाकडे चालायला लागा. एसटीनेच परतायचं असेल तर पहिली एसटी तिठ्यावर साडेसहाच्या सुमारास येते का ते आदल्या दिवशी विचारून ठेवलेलं असू द्या.